बत्तीखालचा राग

सुगंधावहिनी कधी रागावत नसे, आणि या गोष्टीचा स्वरूपाला जन्मभर फार सोयीचा उपयोग झाला होता. वहिनी लग्न होऊन कुबलांच्या घरात आली तेव्हा स्वरूपा दुसरीत होती. आई आधीच गेलेली, वडील ट्रॉलरवर खलाशी, आणि थोरला भाऊ दिगंबर म्हणजे शब्दाला महाग. पोरीच्या वेण्या, शाळेची फी, पुढे रत्नागिरीला राहून मत्स्यशास्त्राचं शिक्षण, सगळं वहिनीने रेटून नेलं. कधी तिच्या कपाळाला आठी पडलीच, तर स्वरूपा गळ्यात हात टाकून दोन गोड शब्द बोलायची आणि आठी जायची. गेलेली आठी जाते कुठे, हा प्रश्न काही तिला कधी पडला नाही.

तो पडायची वेळ आली एका साध्या संदेशामुळे. वाघटेंबच्या किनाऱ्यावर दुसऱ्या दिवशी ‘दर्याचा वाटा’ हा वार्षिक विधी होता. पाहुणे येणार म्हणून स्वरूपा संशोधन केंद्राच्या शेडमध्ये ऑक्टोपस पकडायच्या बत्त्या चार्जिंगला लावत होती, तेवढ्यात पुण्याहून, ही बत्ती शोधणाऱ्या डॉक्टर नीलांबरी सबनिसांनी लिहिलं की, दक्षिणेकडच्या एका बंदरात ट्रॉलरच्या जाळ्यात निळ्या वलयांचा ऑक्टोपस सापडला आहे. एकच आहे, कुणाला इजा झालेली नाही. ‘तुमच्याकडे यायची शक्यता कमी, पण माहीत असू दे. बत्तीचा कॅमेरा त्याला ओळखेलच,’ असा शेवट होता.

स्वरूपाने संदेश वाचला, परत वाचला आणि फोन टेबलावर पालथा घातला.

तिने तो प्राणी प्रत्यक्ष कधी पाहिला नव्हता, पण त्याच्याविषयी ती शिकली होती आणि शिकवतही होती. लिंबाएवढा जीव. चोच इतकी बारीक की चावला तरी कित्येकदा कळत नाही. पण त्याच्या लाळेतलं विष नसांमधून जाणारे निरोप अडवतं. मेंदू हाताला सांगतो, हल. निरोप वाटेतच अडकतो. आधी ओठ आणि जीभ बधिर होतात, मग हातपाय, आणि शेवटी श्वास घेणारे स्नायू. त्याला उतारा नाही. माणूस मेल्यासारखा पडतो, आणि वाईट भाग असा की तो पुष्कळदा पूर्ण शुद्धीवर असतो. त्याला ऐकू येतं, सगळं कळतं, फक्त पापणीही हलवता येत नाही. दुसऱ्या कुणी त्याच्यासाठी श्वास घेत राहिलं, तर काही तासांनी विषाचा जोर ओसरतो आणि तो वाचतो. हे सगळं ती प्रशिक्षणात बायकांना सांगायची. बायका ‘अरे देवा’ म्हणायच्या आणि चहा प्यायला उठायच्या, कारण तो जीव म्हणे लांबच्या समुद्रातला.

समुद्र आता पूर्वीसारखा लांब राहिला नव्हता, हीच तर अडचण होती. पाणी तापत गेलं तसे बांगडे आणि तारले खोल आणि उत्तरेला सरकले. त्यांच्या जागी ऑक्टोपस इतके माजले की ओहोटीला खडपावर, म्हणजे पाण्यातून उघड्या पडणाऱ्या काळ्या खडकांवर, दर दुसऱ्या भोकात एक बसलेला असायचा. वाडीतल्या बायका लोखंडी आकडीने त्यांना ओढून काढत. जीव जिवाच्या आकांताने दगड धरून ठेवायचा, फाटायचा, आणि फाटलेला माल मासळी गोठवणारा कारखाना घेत नसे. मग बत्ती आली.

कागदोपत्री तिचं नाव ‘शांतदीप’ होतं, ते कागदावरच राहिलं. ऑक्टोपसच्या कातडीत रंगाच्या लाखो बारीक पिशव्या असतात. प्रत्येकीभोवती चिमुकले स्नायू. ते ताणले की पिशवी पसरते आणि रंग दिसतो, सैल पडले की रंग मिटतो. शिवाय ही कातडी डोळ्यांच्या मदतीशिवाय स्वतःच उजेड ओळखते. सबनीसबाईंनी लुकलुकणाऱ्या उजेडाची एक अशी लय शोधून काढली, की ती अंगावर पडली की कातडीतला एकूणएक स्नायू सैल पडत असे. ऑक्टोपस पांढुरका व्हायचा, त्याच्या चोषकांची पकड सुटायची आणि तो भोकातून आपसूक घरंगळत बाहेर यायचा, न ओरबाडता, न फाटता. मग बत्तीतला कॅमेरा त्याचा फोटो घेऊन जात ओळखायचा. खाण्याजोगा असेल तर हिरवा ठिपका, धोक्याचा असेल तर लाल. ‘आधी शांत करा, मग ओळखा’ असं बत्तीच्या मुठीवरच छापलं होतं. स्वरूपा हे वाक्य वाडीवाडीत घोकून घेत असे, आणि कोपरापर्यंतचे जाड हातमोजे घातल्याशिवाय कुणाला खडपावर उतरू देत नसे.

अपवाद एकच, दर्याच्या वाट्याचा. पावसाळा संपून खडप मोकळं झालं की पहिल्या दिवशीचा सगळ्यात लहान ऑक्टोपस समुद्राला परत द्यायचा, म्हणजे दर्या त्याला वाढवतो आणि वर्षभर आपल्याला. आणि द्यायचा तो उघड्या उजव्या हाताने. झाकल्या हाताने देवाला कोणी देतं का? पहिल्या वर्षी स्वरूपाने हातमोज्याचा विषय काढून पाहिला, तर बायकांनी तिच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की तिने तो गुंडाळून ठेवला. साध्या ऑक्टोपसचं पोरगं ते, आणि तेही बत्तीखाली गुंगलेलं. काय करणार होतं?

संध्याकाळी वहिनी भाकरी आणि तिसऱ्या शिंपल्यांचं सुकं घेऊन शेडवर आली. डबा ठेवून ती उगीच बत्त्यांच्या वायरी सरळ करत राहिली. मग म्हणाली की उद्या वाटा द्यायला तिला पुढे करू नये, दुसऱ्या कुणाला तरी सांगावं. ते पाहुणे, ते कॅमेरे, तिला नको वाटत होतं.

“तू नाय तर कोण, वयनी?” स्वरूपा म्हणाली. “सगळ्यांका तूच व्हयी.”

“माका नको गो वाटता.”

स्वरूपा उठली, तिच्या गळ्यात हात टाकला, आणि लहानपणापासून जे करत आली तेच केलं. दोन मिनिटांचं तर काम, नवी साडी नेस, फोटो किती छान येईल, दादाला दाखवू. वहिनी हसली. आठी गेली. डबा उघडून पुढे सरकवताना तिने नणंदेच्या तोंडाकडे पाहिलं.

“तू दुपारचा जेवाक नाय. काय झाला?”

“काय नाय गो,” स्वरूपा म्हणाली.

संदेश सांगायचा हाच क्षण होता आणि तिला ते कळत होतं. पण दोन वर्षांपूर्वी कुणीतरी विषारी मासळीची आवई उठवली होती, तेव्हा कारखान्याच्या दारातून ट्रक परत आले होते आणि वाडीने आपला माल स्वतःच्या हाताने वाळूत पुरला होता. सुतावरून स्वर्ग गाठणारे लोक थोडे नसतात. त्यातून उद्याचे पाहुणे मत्स्यखात्याचे. त्यांना बत्ती पटली की सगळ्या किनारपट्टीला ती मिळणार, आणि स्वरूपाचं नाव त्यावर असणार. कॅमेरा ओळखेलच, असं बाईंनी लिहिलं होतं. तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि तो तोंडात फिरवत राहिली.

सकाळी बायका गाणी म्हणत ओहोटीबरोबर खडपावर उतरल्या. पाहुणे त्यांच्यामागून बूट हातात घेऊन निघाले. स्वरूपा म्हणाली, जादा बत्त्या घेऊन आलेच. खरं म्हणजे तिला एकटीने एकदा खात्री करून घ्यायची होती. शेडमधल्या टाकीत पाहुण्यांना दाखवायला आणलेला एक साधा ऑक्टोपस होता. तिने त्याच्यावर बत्ती धरली. तपकिरी, खडबडीत, रागाने फुगलेला तो प्राणी बघता बघता पांढरा आणि गुळगुळीत झाला. हिरवा ठिपका लागला. सगळं रोजच्यासारखं होतं, तरी ती बत्ती तशीच धरून बघत राहिली. त्याचा सगळा रंग गेला होता. रागाची एक खूण उरली नव्हती.

तिने लॅपटॉप उघडून कॅमेऱ्याला ज्यांच्यावरून शिकवलं होतं ते निळ्या वलयांच्या ऑक्टोपसचे फोटो काढले. एकाहून एक देखणे. पिवळसर अंगावर मोरपिशी वलयं नुसती पेटलेली. ती खाली खाली जात राहिली. वलयं नसलेला एकही फोटो नव्हता. तिने सबनीसबाईंना फोन लावला.

“मॅडम, हे फोटो काढले कुणी?”

जगभरच्या पाणबुड्यांनी, बाई म्हणाल्या. स्वरूपाने विचारलं की सगळे फुललेल्या वलयांचेच कसे. त्यावर बाई थोड्या हसल्या. वलयांशिवाय तो मातीच्या गोळ्यासारखा दिसतो, त्याचा फोटो काढायला कोण पाण्यात उतरणार? आधी त्याला डिवचतात, तो चिडतो, वलयं फुलवतो, मग काढतात फोटो. ती वलयं म्हणजे कातडीतले चकचकीत कप्पे, कातडीच्या घडीखाली झाकलेले, पापण्यांखालच्या डोळ्यांसारखे. तो खवळला की स्नायू ताणून ते उघडतो आणि दूर राहा असं सांगतो. एरवी बंदच.

“आणि आपण त्याला आधी शांत करतो,” स्वरूपा म्हणाली.

पलीकडे खुर्ची करकरत मागे सरकली.

“बत्त्या बंद करा,” बाई म्हणाल्या. “आत्ताच्या आत्ता. कॅमेरा त्याला साधा समजेल. साध्याचं पिल्लू समजेल.”

पिल्लू. सगळ्यात लहान. उघडा उजवा हात.

खडपावर फोन लागत नाही, हे माहीत असूनही तिने एका पाहुण्याला लावून पाहिला. मग तो फेकून ती धावत सुटली. वाळू संपली, शेवाळ सुरू झालं. ती दोनदा आपटली, गुडघा फुटला. या खडकांवर ती लहानाची मोठी झाली होती, आणि आज त्यातला एक दगड ओळखीचा वाटत नव्हता. लांबून घोळका दिसत होता. मधोमध मोरपंखी साडीचा ठिपका. आपणच नवी साडी नेस म्हणून सांगितलं, हे तिला तेवढ्या धावपळीतही आठवलं.

ओरडायला तिने तोंड उघडलं आणि स्वतःच मिटलं. वहिनी दचकली तर मूठ मिटेल. मूठ मिटली तर तो चावेल. जिवंत ऑक्टोपस हातात असताना करायची नाही अशी एकच गोष्ट ती वर्षानुवर्षं सांगत आली होती, ती म्हणजे दाबणं. घोळक्याजवळ ती पावलं मोजत चालत गेली आणि माणसांना कोपराने हळूच बाजूला सारत आत शिरली.

वहिनी गुडघाभर पाण्यात उभी होती. हातमोजा कमरेला खोचलेला. उघड्या तळहातावर पांढुरका, लिंबाएवढा जीव पसरला होता. शेजारी उभ्या असलेल्या पार्वतीकाकीने बत्ती धरली होती आणि बत्तीवर हिरवा ठिपका होता. वहिनी फोटोसाठी कशीबशी हसत होती.

“वयनी,” स्वरूपा एवढ्या मऊ आवाजात म्हणाली की तिचा तिलाच तो परका वाटला, “हात हळूच पाण्यात घाल. मूठ मिटू नको. त्याका आपसूक जावंदे. काकी, बत्ती हलवा नको.”

तिच्या तोंडाकडे पाहून वहिनीचं हसू गेलं. पण तिने विचारलं नाही काही. ती वाकली आणि हात पाण्याकडे नेऊ लागली. वीतभर अंतर राहिलं असेल, तेवढ्यात एक पाहुणा चांगला फोटो मिळावा म्हणून फोन पुढे करून बत्तीच्या आणि हाताच्या मध्ये आला.

उजेड तुटला. तळहातावरचा पांढरा गोळा पिवळा झाला आणि त्याच्यावर एकामागून एक निळी वलयं उघडली. दिवसाउजेडी इतका निळा रंग स्वरूपाने कधी पाहिला नव्हता. लोकांच्या तोंडून ‘वा’ निघालं, कुणी टाळ्या वाजवल्या. वहिनीचा हात पाण्यात गेला, वलयं एकदा लखलखली आणि दगडाखाली नाहीशी झाली.

“माका काय्येक झाला नाय,” वहिनी तळहात बघत म्हणाली. खरंच काही नव्हतं. अंगठ्याच्या बुडाशी एक ठिपका होता, काटा मोडल्यावर राहतो तेवढा.

स्वरूपाने आपली ओढणी फाडून तो हात बोटांपासून खांद्यापर्यंत घट्ट गुंडाळला, तो हलवायचा नाही असं सांगितलं आणि रुग्णवाहिका बोलवायला एका तरण्या बाईला किनाऱ्याकडे पिटाळलं. श्वास देण्याचं यंत्र असलेलीच पाठवा म्हणावं, हे तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. पाहुण्यांपैकी एक वयस्क गृहस्थ म्हणाले, “अहो, एवढं घाबरू नका, त्यांना तर काही झालेलं दिसत नाही.” त्यांना उत्तर द्यायला तिला सवड नव्हती. माल वाहायची होडी दोरीने बांधलेली होती, तिकडे ती वहिनीला नेत होती. होडीच्या काठाला हात लावून वहिनी थांबली.

“स्वरू, माजे व्हट बधिर झालेत गो.”

त्यानंतर फार वेळ लागला नाही. होडीत निजवेपर्यंत तिची जीभ जड झाली. पाण्याने भरलेल्या डोळ्यांनी ती स्वरूपाकडे बघत काही सांगू पाहत होती, पण शब्द लाळेत विरघळत होते. मग छाती हलायची थांबली. स्वरूपाने तिची हनुवटी वर केली, नाक दाबलं आणि आपल्या छातीतली हवा तिच्या छातीत सोडली. छाती वर आली, खाली गेली. पुन्हा. पुन्हा.

ओहोटी संपून भरती लागली होती. बायका कमरेपर्यंत पाण्यात उतरून होडी ढकलू लागल्या, आणि स्वरूपा होडीच्या तळाशी गुडघ्यांवर बसून श्वास देत राहिली. होडी दगडाला लागली की ओठांवर दात आपटायचे. कुणाचं रक्त कुणाच्या तोंडात जात होतं ते कळत नव्हतं. वाळूवर होडी टेकली तेव्हा दिगंबर धावत आला. बायकोचा निळसर चेहरा, उघडे स्थिर डोळे बघून तो तिच्या पायांशी बसला. त्याने तिचा पाय धरला. पायाला काहीच कळत नव्हतं. बायकांपैकी कुणीतरी हंबरडा फोडला.

“गेली ती,” दिगंबर म्हणाला. “सोड तिका, स्वरू. तिचे हाल नको करू.”

“ती आयकता,” स्वरूपा दोन श्वासांच्या मध्ये म्हणाली. “तिका सगळां आयकाक येता. रडा नको कोणी.”

कुणाला ते पटलं नाही. पटावं असं तिथे काही दिसतच नव्हतं. पण प्रशिक्षणाला चहासाठी उठणाऱ्या त्याच बायका आता होडीभोवती बसल्या. स्वरूपाला घेरी येऊ लागली की पार्वतीकाकी वाकायची, काकी थकली की दुसरी. वहिनीचे डोळे सुकू नयेत म्हणून कुणीतरी पापण्या मिटल्या, तर स्वरूपाने तिच्या कानात सांगितलं की घाबरू नको, डोळे आम्ही मिटलेत, तू जिवंत आहेस. एकदा सांगून तिला पुरे वाटेना. आपली पाळी नसेल तेव्हा ती कानाशीच राहिली आणि मनात होतं ते सगळं बाहेर पडत गेलं.

“माका म्हायत होता, वयनी. काल संदेश इलो होतो. मी तुका सांगाक नाय. माजा नाव व्हयत म्हणान सांगाक नाय. तू नको म्हणत होतंस, मी तुका पुढे केलंय. राग मानू नको गो. राग मानू नको.”

ती हे म्हणत राहिली. समोरचं माणूस उठून जाऊ शकत नव्हतं, तोंड फिरवू शकत नव्हतं, हे तेव्हा तिच्या ध्यानातही आलं नाही. भीतीने तिचं डोकं बधिर झालं होतं. वहिनी गेली तर आपल्याला या जगात विचारणारं कोणी नाही, एवढी एकच गोष्ट तिला कळत होती.

रुग्णवाहिका आली तेव्हा सावल्या आखूड होऊन परत लांब होऊ लागल्या होत्या. यंत्राची नळी वहिनीच्या घशात गेली आणि पहिल्यांदाच स्वरूपाने स्वतःसाठी श्वास घेतला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता वहिनीच्या पायाचा अंगठा हलला. दिगंबरने तो आधी पाहिला आणि तो शब्दाला महाग माणूस दवाखान्याच्या फरशीवर बसून लहान पोरासारखा रडला.

किनाऱ्यावरच्या सगळ्या बत्त्या बंद झाल्या. स्वरूपाने स्वतः अहवाल पाठवला, काय चुकलं आणि आपण काय लपवलं ते दोन्ही लिहून. खात्याने योजना थांबवली, कारखान्याने खरेदी थांबवली, आणि वाडीतल्या काही घरांनी तिच्याशी बोलणं थांबवलं. सबनीसबाई बत्तीचा क्रम उलटा करायला बसल्या. आधी सावली पाडायची, पाणी ढवळायचं, त्याला चिडू द्यायचं. त्याचे खरे रंग कॅमेऱ्याने पाहिले की मगच शांत करायचं. वर्षभर तरी लागणार होतं. तोवर बायका परत आकडी घेऊन खडपावर जाऊ लागल्या. वाटा कसा द्यायचा यावर देवळात बरीच वादावादी झाली, आणि करवंटीत घेऊन दिला तरी दर्याला चालतो असं शेवटी ठरलं. करवंटीही नारळाचीच, नारळ तर आपण त्याला देतोच की, असं म्हणणारी वहिनी होती.

ती घरी आली होती. हात थोडा कापायचा, बाकी ठीक होतं. ती स्वयंपाक करायची, विचारलं तर हसायची, आणि त्या दिवसाविषयी चकार शब्द काढत नसे. स्वरूपा रोज यायची. औषधं द्यायची, पाणी भरायची, गळ्यात हात टाकून दोन गोड शब्द बोलायची. वहिनीच्या कपाळाला आठी नव्हतीच. स्वरूपाला हायसं वाटायला हवं होतं, पण ते पांढरं, गुळगुळीत कपाळ बघून तिला हल्ली टाकीतला तो ऑक्टोपस आठवायचा.

एका दुपारी वहिनी चुलीवर भात ठेवून कोकमाची सोलं निवडत होती. स्वरूपाने तिच्या हातातलं सूप घ्यायला हात पुढे केला.

“दी माका. तू दमतलंस. शांत बस.”

वहिनीने सूप सोडलं नाही. हिसका देऊन परत ओढलं, तशी सोलं जमिनीवर विखुरली.

“शांत,” ती म्हणाली. “शांत बसललंय मी त्या होडीत. पापणी हालवूक येत नाय होती. तू माज्या कानात सांगी होतंस, राग मानू नको. माका इतको राग इललो स्वरू, इतको राग, आणि माका तो तोंडार आणूक येत नाय होतो. माका मराचा भ्या नाय वाटला. तुका काय्येक न सांगता मी मरान, आणि तू सगळ्यांका सांगशीत, वयनी रागवाक नाय, ह्याचा भ्या वाटला.”

तिचा चेहरा लाल झाला होता. मानेच्या शिरा ताठल्या होत्या. तीस वर्षांत स्वरूपाने हा चेहरा पाहिला नव्हता. तिला भीती वाटली, अगदी खडपावर वाटली होती तशीच, आणि तिचे हात सवयीने उचलले गेले, गळ्यात टाकायला. ओठांवर गोड शब्दही तयार होता.

तिने हात खाली घेतले आणि मांडीवर ठेवले.

“बस हयसर,” वहिनी म्हणाली. “माजा संपाक नाय.”

स्वरूपा सांडलेल्या सोलांमध्ये तिच्यासमोर बसली. वहिनी बोलू लागली, त्या दिवसाचं, मग त्याच्याही आधीचं, पार वेण्या घालण्यापासूनचं, आवाज चढवून, अडखळत, मध्ये रडत. चुलीवर भात करपल्याचा वास येऊ लागला. तो दोघींनाही आला, पण उठलं कोणी नाही.